आधी फोन, मग फलक

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची पत्रं सोलापूर शहर-जिल्ह्यातली आहेत आणि विषय एकच. रुग्ण सांभाळण्याचं शिक्षण देणाऱ्या ना-नफा केंद्राला प्रसिद्धीच्या कामात विनामोबदला हात द्यायचा असेल, तर नेमकं काय करावं?

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. जुळे सोलापुरात एक न्यास रुग्णसहायकांचं प्रशिक्षण केंद्र चालवतो. जागा ३०, प्रवेश झाले ११. विश्वस्त म्हणाले, ‘मार्केटिंगचं तेवढं तुम्ही बघा.’ फेसबुक पेज काढू, की सात रस्त्याला फलक लावू?

महिनाभर दोन्ही नको. आधी केंद्राचा फोन कोण उचलतं, ते बघा.

अशा केंद्रांच्या पत्रकावर बहुतेक वेळा प्राचार्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर छापलेला असतो. सकाळी ११ ते १ त्या वर्गावर असतात, फोन पर्समध्ये बंद. विडीचा माल देऊन घरी परतलेली किंवा धुण्याभांड्याची कामं उरकलेली बाई फोन करते ती संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान, तोवर केंद्राला कुलूप. शिवाय तो फोन तिचा नसतो, नवऱ्याचा किंवा शेजारणीचा असतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही उलट फोन केला की पलीकडून पुरुषी आवाज येतो, ‘कोण बोलतंय?’ आणि विषय तिथेच संपतो. म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारून ठेवायचं, ‘या नंबरवर परत फोन केला तर चालेल का? किती वाजता?’

बँकेत वह्या सांभाळल्या आहेत, तेच कौशल्य इथे वापरा. २०० पानी वही घ्या आणि रकाने आखा: तारीख, वेळ, नाव, पेठ किंवा गाव, स्वतःसाठी विचारलं की दुसऱ्यासाठी, कुठून कळलं, काय विचारलं, पुढे काय झालं. जुने फोन आठवणीतून भरू नका, आजपासून सुरू करा. चार आठवड्यांनी गळती कुठे आहे ते दिसेल. समजा ४० जणांनी विचारलं, १५ जण केंद्र बघायला आले आणि प्रवेश ३ झाले. तर फलक लावून ४० चे ८० कराल, प्रवेश फार तर ६ होतील. पण आलेल्या १५ जणांतले १२ का परत गेले हे कळलं, तर एक रुपया न खर्चता आकडा हलतो. फोन ४०, आले ४, असं असेल तर मात्र दोष फोनवरच्या उत्तरात आहे.

हे उत्तर नेहमी एका ठरावीक जागी फसतं. ‘फी किती?’ या प्रश्नाला ‘एकदा येऊन भेटा, सगळं सांगतो.’ कुंभारीच्या विडी घरकुलातून यायचं म्हणजे येण्या-जाण्याचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. कशासाठी येतोय हे माहीत नसताना कोण येईल? फोनजवळ एका कागदावर उत्तरं लिहून चिकटवा: फी आणि हप्ते, वर्गाची वेळ, एकूण महिने, शिक्षणाची अट, प्रमाणपत्र कोण देतं, प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, गणवेशाचे पैसे वेगळे का, रात्रपाळी करावी लागते का, काम लागल्यावर सुरुवातीला हातात साधारण किती पडतात, आणि कागदपत्रं: आधार, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, फोटो. केंद्रात उद्या दुसरं कोणी फोनवर बसलं तरी उत्तर बदलता कामा नये.

फोनसाठी केंद्राच्या नावावर वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे. पहिल्यांदा निरोप पाठवणाऱ्याला आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या निरोपात फी आणि वेळ लिहा, ‘आपले स्वागत आहे’ एवढ्यावर थांबू नका. चौकशी करणाऱ्यांना ‘विचारलं’, ‘येऊन गेल्या’, ‘कागद बाकी’, ‘प्रवेश’ अशी लेबलं लावा. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या यादीत) २५६ जण बसतात, पण ज्यांनी केंद्राचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. त्यामुळे प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ‘नंबर सेव्ह करून घ्या’ हे सांगायला विसरू नका. यादीतल्या निम्म्यांना काही मिळतच नाही, अशी तक्रार येते तिचं कारण हेच.

मी वाणिज्य शाखेत शिकते, डिझाइन जमतं. केंद्राने दिलेल्या मजकुरात ‘नर्सिंग कोर्स, १०० टक्के नोकरीची हमी’ असं आहे. तसंच छापू का?

छापू नका. केंद्रचालकांना वाईट वाटलं तरी चालेल.

नर्स म्हणजे नोंदणी झालेली परिचारिका. एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा, बीएस्सी ४ वर्षांची, आणि नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत. काही महिन्यांत शिकवला जातो तो जनरल ड्युटी असिस्टंट म्हणजे जीडीए किंवा घरगुती रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम. या दोन्हींत गल्लत केली की मुलगी फसते, तिला कामावर ठेवणारं घरही फसतं. घरच्यांना वाटतं, नर्स आली आहे, सलाइन लावेल, इंजेक्शन देईल. तिने नकार दिला तर भांडण, भीतीपोटी दिलं तर रुग्णाच्या जिवाशी खेळ. आणि नोकरीची हमी खोटी ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

त्यापेक्षा काम काय असतं तेच लिहा, ते पुरेसं वजनदार आहे. अंथरुणावरच्या रुग्णाची आंघोळ, चादर बदलणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, डायपर, खुर्चीत उतरवणं-चढवणं, ताप-नाडी-बीपी लिहून ठेवणं, आणि डॉक्टरला कधी कळवायचं ते ओळखणं. ठळक ओळ साधी हवी: ‘घरी किंवा दवाखान्यात पेशंट सांभाळायचं शास्त्रशुद्ध शिक्षण’. लोकांच्या तोंडी ‘पेशंट सांभाळणारी बाई’ हेच आहे, ‘परिचर्या सहायक’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. खाली बारीक अक्षरात नाही, त्याच आकारात: ‘हा नर्सिंगचा अभ्यासक्रम नाही.’

हमीच्या जागी मागच्या तुकडीचा हिशेब द्या. किती जण बसले, किती उत्तीर्ण झाले, तीन महिन्यांनंतर किती जण कामावर आहेत. आकडा लहान असला तरी खरा हवा. पगाराचा एकच आकडा नको, ‘१२ तास ड्युटी’ आणि ‘२४ तास ड्युटी’ असे वेगळे लिहा, नाहीतर मुलगी चोवीस तासांचा आकडा मनात धरून दिवसपाळीला येते. कौशल्य परिषदेचं किंवा सरकारी योजनेचं बोधचिन्ह टाकण्याआधी केंद्राच्या मान्यतेचा कागद स्वतः मागून बघा, मुदत संपलेली असू शकते.

छपाईचं म्हणाल तर ए५ आकार, ७० जीएसएम मॅपलिथो (बिनचकाकीचा कागद), एका रंगात. चकचकीत आर्ट पेपरवर पेनाने नंबर लिहिता येत नाही. पहिल्या खेपेला ५०० च काढा, कारण फी, तारीख आणि नंबर यांतलं काहीतरी बदलतंच. कोपऱ्यात अ, ब, क अशी खूण छापा: अ पूर्व भागात वाटायची, ब होटगी रोडला, क बार्शीला. फोनवर ‘कागदावर कोणतं अक्षर आहे?’ एवढं विचारलं की कुठली पत्रकं कामी आली ते कळतं.

आणि मजकूर तेलुगूत, कन्नडमध्ये छापण्याची घाई नको. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणाऱ्या अनेक मुली शाळेत मराठी वाचायला शिकल्या आहेत. पत्रक मराठीतच असू द्या, पण चाळीस सेकंदांचा ऑडिओ निरोप तेलुगूत, कन्नडमध्ये आणि उर्दूमिश्रित हिंदीत करा. तो सासूही ऐकते, पत्रक मात्र तिच्यापर्यंत पोचत नाही.

बायका स्वतः तयार असतात, घरचे नाही म्हणतात. काय करावं? (अशोक चौक)

हरकत शिक्षणाला नसते. ‘परक्या घरात, रात्री, परक्या पुरुषाचं अंग पुसायचं’ याला असते, आणि ती पत्रकाने जात नाही. सासू, नवरा, आई यांना घेऊनच या असं सांगून दीड तासाचं प्रात्यक्षिक ठेवा. पुतळ्यावर कूस बदलून दाखवा, उचलताना कंबर कशी वाचवायची ते दाखवा, मग कामावर असलेली जुनी विद्यार्थिनी आणि शक्य असेल तर तिची सासू पंधरा मिनिटं बोलू द्या. रात्रपाळी नाकारता येते का, घरी सोडायला कोण येतं, त्रास झाला तर केंद्रात कुणाला फोन करायचा, याची उत्तरं आधी ठरवून घ्या. ती नसतील तर प्रात्यक्षिक ठेवूच नका.

वेळ निवडताना त्या भागातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ असतो, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर-मोहोळकडे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. या दिवसांत हॉल रिकामा राहतो आणि दोष प्रसिद्धीला दिला जातो. तालुक्याला जायचं तर ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या, बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताई आणि आशा ताई यांच्याकडून जा. त्यांना शंभर पत्रकं देऊन निघून येऊ नका. त्यांच्याच बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या.

एक गोष्ट सतत विसरली जाते: मुलगे. ऐंशी किलोच्या आजोबांना न्हाणीत नेण्यासाठी घरोघरी पुरुष मदतनीस शोधतात. रुग्णालयातल्या ‘मामां’ची मागणी आहे, आणि पत्रकांवर मात्र फक्त साडीतल्या बाईचं चित्र असतं.

विद्यार्थिनींच्या रील्स करतोय. वॉर्डात शूटिंग केलं तर खरं वाटेल ना?

वॉर्डात नको. रुग्णालयाची लेखी परवानगी आणि रुग्णाची स्वतःची संमती दोन्ही लागतात, आणि ज्याला शुद्ध नाही तो संमती देऊ शकत नाही. केंद्रातला पुतळा आणि पलंग पुरतो. फोन उभा धरा, पंखा बंद करा, कॉलरला लावायचा माइक घ्या. पंख्याच्या घरघरीत आवाज बुडतो, ही सर्वात सामान्य चूक.

विद्यार्थिनींचं संमतिपत्र मराठीत हवं. कुठे दाखवणार, किती काळ, आणि नको झालं तर कुणाला सांगायचं. तुकडी संपते, लग्न ठरतं, सासरी व्हिडिओ नको असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्क आहे. व्हिडिओ कुठे कुठे टाकला याची यादी नसेल, तर काढताना फजिती होते. १८ वर्षांखालील असेल तर पालकांची सही.

केंद्राच्या नंबरवर निम्मे फोन ‘आजीसाठी बाई पाहिजे’ असे येतात. ते कसे टाळावेत?

टाळू नका. हीच मंडळी उद्या काम देणार आहेत. मात्र त्यांची वही वेगळी ठेवा: रुग्णाचं वय, स्वतः चालतो का, नळी आहे का, वजन, दिवसपाळी की चोवीस तास, भाग. सोलापुरात उपचारांना धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गीकडचे रुग्ण येतात आणि सुट्टी झाली की गावी जातात, म्हणून ‘घर कुठे’ हे पहिल्यांदाच विचारा. वहीत तीन महिन्यांत जे जास्त दिसेल, ते प्राचार्यांना दाखवा, शिकवण्यातही ते कामाला येतं.

गूगलवरच्या केंद्राच्या नोंदीत वेळ, फोटो आणि ‘प्रशिक्षण केंद्र’ हाच वर्ग टाका. ‘नर्सिंग एजन्सी’ टाकलं की हे फोन दुप्पट होतात. आणि तुम्ही स्वयंसेवक आहात. कोणती बाई कोणत्या घरी पाठवायची, हे काम तुमचं नाही. ओळखीच्या घराला परस्पर बाई मिळवून दिली आणि पुढे काही बिनसलं, तर दोन्हीकडून बोलणी तुम्हालाच बसतील.

ऑनलाइन जाहिरातीला पैसे घालावेत का? गूगल ना-नफा संस्थांना फुकट जाहिराती देतं म्हणे.

देतं, महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती. पण शाळा आणि शिक्षणसंस्थांना ती योजना सहसा लागू होत नाही, त्यामुळे अर्ज न्यासाच्या नावाने करा आणि नकाराची तयारी ठेवा. मिळाली तरी दर महिन्याला किमान ५ टक्के क्लिकचं प्रमाण राखावं लागतं, म्हणजे जाहिरात शंभर वेळा दिसली तर निदान पाच वेळा ती दाबली गेली पाहिजे. फेसबुकचं ‘बूस्ट’ दाबलं की लाइक्स येतात, प्रवेश नाही. थेट व्हॉट्सॲप उघडणारी जाहिरात, शहराभोवती २५ किलोमीटर, रोज २०० रुपये, पाच दिवस, एवढं करून बघा, आणि तेही फोनची वही नीट चालू लागल्यावर. भिंतींवर चिकटवाचिकटव करू नका, विनापरवानगी विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे. फलकाला महापालिकेची परवानगी लागते. रिक्षावर भोंगा लावायचा तर पोलिसांची परवानगी, आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद.

आठवड्याला किती वेळ देऊ? आणि सोडताना काय करावं?

चार तास पुरतात: दोन फोनच्या वहीला, एक मजकुराला, एक विश्वस्तांशी बोलायला. काय करणार आणि काय नाही, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. देणग्या गोळा करणं त्यात नको, पावती आणि ८०-जी चं (देणगीदाराच्या करसवलतीचं) काम कार्यालयाचं.

सगळी खाती केंद्राच्या ईमेलवरच उघडा. फेसबुक पेजला दोन ॲडमिन, त्यातला एक केंद्राचा पगारी माणूस. सोडायच्या महिनाभर आधी त्याला शेजारी बसवून निरोपांना उत्तरं त्याच्याकडून लिहून घ्या. शेवटच्या दिवशी सिम, दोन्ही वह्या, संमतिपत्रांची फाइल आणि पत्रकाची मूळ फाइल कार्यालयात जमा करून पोच घ्या, आणि तुमच्या फोनमधल्या विद्यार्थिनींच्या नंबरांची यादी तिथेच, त्यांच्यासमोर पुसा.