जळगावच्या उन्हात शेतावर न्यायला स्मार्ट बाटली (पाणी नि तापमान मोजणारी) कशी निवडावी? ३१६ स्टीलला जास्त पैसे मोजावेत का?

३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार. नुसतं पाणी भरणार असाल तर ३०४ पुरे. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मिठाने पडणारे बारीक खड्डे टळतात. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत रोज तासन्‌तास बाटलीत राहणार असेल, तरच जादा पैसे वसूल. लोहचुंबकाने पारख करू नका. अस्सल ३०४ सुद्धा जिथे दाबून घडवलेलं असतं, तिथे थोडं चिकटतं.

गारवा टिकतो तो दोन भिंतींमधल्या व्हॅक्यूममुळे, स्टीलच्या नंबरामुळे नाही. उष्णता शिरते ती मुख्यतः तोंडातून. रुंद तोंडात बर्फ टाकता येतो, हात घालून घासता येतं, पण पाणी लवकर कोमटतं.

आता ‘स्मार्ट’ भाग. स्टीलच्या आरपार ना ब्लूटूथ जातं ना वायरलेस चार्जिंग होतं, म्हणून सगळा कारभार झाकणात नाहीतर बुडाच्या प्लास्टिकच्या चकतीत. बुडातला सेन्सर वजनावरून पाणी मोजत असेल तर बाटली सपाट जागी ठेवावी लागते. केळीच्या बागेत ढेकळांवर टेकवलीत की आकडा चुकलाच. तापमानाचा सेन्सर बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. बाटली अर्धी झाली की तो पाण्याचं नाही, वरच्या हवेचं तापमान दाखवतो. आकड्यावर विसंबून चहाचा घोट घ्याल आणि जीभ पोळेल. झाकण घट्ट लावून बाटली अर्धा मिनिट उलटी धरा, मग वाचा.

लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा सावलीतच तिथवर जातो, बंद गाडीत तर त्याच्याही पुढे. म्हणून मी बदलता येणाऱ्या बटण-सेलची बाटली सुचवेन. चार्जिंगवालीच घ्यायची तर चार्ज रात्री करा.

यूव्ही झाकण (आत अतिनील किरणांचा दिवा असलेलं) जंतू मारतं, क्षार काढत नाही. उलट बोअरच्या पाण्याचा पांढरा थर दिव्यावर बसला की प्रकाशच अडतो. तो थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. बाटलीसाठी अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, अर्धा तास. ब्लीच अजिबात नको, त्यातलं क्लोरीन स्टील खातं.

घरी आणल्यावर उकळतं पाणी भरा, दहा मिनिटांनी बाहेरून हात फिरवा. गळ्याखाली कुठे गरम लागली तर व्हॅक्यूम गेलेलं आहे, लगेच परत करा. आणि सिलिकॉनची रिंग सुटी मिळते का हे घेण्याआधीच विचारा. ताकाचा वास पहिल्यांदा तिच्यातच मुरतो.