जर्मनीत ३५०० युरो आणि चाकणला ४५ हजार: तासाच्या हिशोबाने नेमका फरक किती?

तुम्ही विचारलंय: चाकणला मेंटेनन्समध्ये आहे, पगार ४५ हजार. श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने महिना ३५०० युरो देऊ केलेत. म्हणजे साडेतीन लाख ना? आणि तिथे आठवड्याला ३५ तासच काम असतं हे खरं का?

दोन्हीकडचं खाल्लंय, म्हणून लिहितो. चाकणला सात वर्षं काढली, आता इथे जर्मनीत सहावं चालू आहे. डिप्लोमावालाच आहे, तुमच्यासारखा.

आधी ते साडेतीन लाख डोक्यातून काढा. ३५०० हा ब्रुटो, म्हणजे कापाकापीच्या आधीचा आकडा. एकटे असाल, मूलबाळ नसेल, तर २०२५ च्या दरांनी हातात २३३० च्या आसपास पडतील. पेन्शनला ९.३ टक्के जातात. आरोग्य विमा, बेकारी विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा वेगळे, त्यातही मूल नसलेल्याला या शेवटच्या विम्याचा हप्ता जास्त. उरलेल्यावर आयकर. पहिली पगारस्लिप बघून मी एचआरला फोन केला होता की काहीतरी चुकलंय. ती बाई शांतपणे म्हणाली, नाही, सगळं बरोबर आहे. बायको सोबत येणार असेल आणि कमावत नसेल, तर करवर्ग ३, म्हणजे पगारातून आयकर कमी कापणारा वर्ग, घेता येतो, मग हातात बरेच जास्त येतात. हे आल्याबरोबर करून घ्या, मी उशीर केला.

आता तास. ३५ तास खरे आहेत, पण सगळ्यांचे नाहीत. ते मेटल आणि इलेक्ट्रिकल उद्योगात, 'ईगे मेटाल' या युनियनचा करार जिथे लागू आहे तिथे. तेही १९८४ च्या मोठ्या संपानंतर टप्प्याटप्प्याने मिळाले: आधी साडेअडतीस, आणि पूर्ण ३५ व्हायला १९९५ उजाडलं. करार न मानणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्या इथे ढिगाने आहेत, त्यांच्याकडे ३८ किंवा ४० तास असतात. माझी पहिली कंपनी ४० वाली होती, आणि मी चाकणभर '३५ तास, ३५ तास' सांगत आलो होतो. जर्मन माणूस वर्षाला साधारण १३४० तासच काम करतो हा आकडाही तुम्ही वाचला असेल. तो खोटा नाही, पण त्यात अर्धवेळ काम करणारे खूप आहेत, त्यामुळे सरासरी खाली येते. पूर्णवेळ कारखान्यातल्या माणसाला तो लावू नका.

कायद्याने दिवसाला ८ तास. १० पर्यंत नेता येतात, पण सहा महिन्यांची सरासरी आठवर आली पाहिजे. आणि दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती. एकदा ब्रेकडाऊनमध्ये मी दहाव्या तासाला मशीनखाली पडलेलो होतो, तर शिफ्टचा माइस्टर, म्हणजे सुपरवायझर, येऊन म्हणाला, 'बाहेर ये, घरी जा.' मला वाटलं काहीतरी चुकलं माझं. चुकलं काही नव्हतं, दंड त्यांना बसला असता. चाकणला अशा वेळी साहेब चहा पाठवायचे आणि म्हणायचे, 'संपवूनच जा रे.'

चाकणचं तुम्हाला मी काय सांगू. कागदावर फॅक्टरी अ‍ॅक्ट, १९४८ चा, तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता: आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९, ओटी म्हणजे जादा तास दुप्पट दराने. गंमत म्हणजे ओटीच्या बाबतीत आपला कायदा जर्मनीपेक्षा उदार आहे! इथे जादा तासाला जास्त दर द्यावा असं कायद्यात नाहीच. युनियनचा करार किंवा तुमचं काँट्रॅक्ट सांगेल ते, बहुतेक ठिकाणी २५ टक्के वगैरे. पण आपल्याकडे तो दुप्पट दर मिळतो कोणाला? परमनंट ऑपरेटरला. कंत्राटी पोरांचे तास रजिस्टरमध्ये कसे बसवतात ते तुम्ही पाहिलंय. आणि तुम्ही-मी 'स्टाफ', स्टाफला ओटी नसतो, 'जबाबदारी' असते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ तसेच ठेवून. बातमी वाचून इथला एक जुना चाकणकर म्हणाला, चला, आपण करत होतो ते कायदेशीर झालं.

तर हिशोब करू. ४५ हजारांतले हातात ४१ धरतो. महिन्याचे २६ दिवस, रोजचे खरेखुरे दहा तास, म्हणजे २६० तास. तासाला पडले १५८ रुपये. तळेगाव चौकात बसमध्ये बसून काढलेले तास मी धरलेच नाहीत, नाहीतर आकडा बघवणार नाही. इकडे आठवड्याला ३५ म्हणजे महिन्याला साधारण १५२ तास, २३३० ला भागलं की तासाला १५.३० युरो. ४० तासांची नोकरी असेल तर १७४ तास, आणि तासाला १३.४०. बघा, पगार तोच, पण तासाची किंमत जवळपास दोन युरोंनी उतरली.

युरोला १०० रुपये धरून गुणलं तर १५८ विरुद्ध १५३०, जवळजवळ दहापट. पण युरो खर्च इथेच करायचाय. दोन्हीकडच्या महागाईचा विचार करून खरेदीची ताकद मोजतात, त्या मापाने एक युरो साधारण ३० रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे तासाला ४६० च्या घरात, जवळपास तिप्पट. तिप्पट कमी नाही, पण दहापट नाही.

हेही मी कागदावरचं समजतो. मी स्वतः वस्तू मिनिटांत मोजतो. लिटरभर दूध: चाकणच्या पगारावर २२ मिनिटं काम, इथे ४ मिनिटं. साधं वॉशिंग मशीन: तिकडे १८ हजारांचं, ११४ तास. इथे ४०० युरोचं, २६ तास. इथपर्यंत जर्मनी स्वर्ग. आता केस कापा. चाकणला १२० रुपये, म्हणजे पाऊण तास. इथे ३० युरो, जवळजवळ दोन तास. वडापाव आठ मिनिटांचा, इथला डोनर, म्हणजे मांस भरलेली तुर्की रोटी, अर्ध्या तासाचा. नळ गळला आणि प्लंबर बोलावला, तर तो नुसता दारापर्यंत आल्याचे वेगळे पैसे लावतो. मी आता नळ स्वतः दुरुस्त करतो, बायको माझे केस कापते. बरे कापते.

यंत्रातून निघालेली वस्तू इथे स्वस्त, माणसाचा हात लागलेली महाग. आपल्याकडे बरोबर उलटं. आणि याला कारण तेच आहे ज्याच्यासाठी तुम्ही इकडे येताय. २०१५ पासून इथे सगळ्यांना एकच किमान वेतन आहे, सुरुवात तासाला ८.५० युरोने झाली, २०२५ मध्ये १२.८२, आणि २०२६ पासून १३.९०. न्हाव्याकडच्या पोरीलाही तेच. माझा तास महाग आहे तसाच तिचाही. चाकणला माझ्या ४१ हजारांत धुणीभांडी, गाडी धुणं, इस्त्री सगळं बसायचं, कारण त्या मावशींचा तास माझ्याहून कितीतरी स्वस्त होता. हे तेव्हा कधी सुचलं नाही.

भाड्याचं जरा विचित्र आहे. इथे श्टुटगार्टच्या बाहेर, गोपिंगेनच्या बाजूला, छोट्या फ्लॅटचं हीटिंगसकट ८५० धरा. म्हणजे ५५ तासांचं काम. चाकणजवळ मोशीला वन बीएचके १२ हजारांत, ७६ तास. तासांत इथलं स्वस्त, पण पगारातला वाटा बघितला तर इथे ३६ टक्के, तिथे २९. मुळात तासच कमी विकलेत ना, म्हणून. पैसे साठवून गावी पाठवायचे असतील तर हा दुसरा आकडा बघा. त्यात घरात टीव्ही असो-नसो, प्रसारण शुल्क महिना १८.३६ युरो द्यावंच लागतं. हा राग माझा अजून गेलेला नाही.

पगारस्लिपमध्ये न दिसणारं एकच सांगतो: आजारपण. नोकरीचे पहिले चार आठवडे सोडले, तर आजारी पडल्यावर सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, पुढे विमा कंपनी कमी दराने. रजेतून काही कापलं जात नाही. माझी कंबर धरली तेव्हा मी पाच आठवडे घरी होतो, परत आल्यावर कोणी 'काय, मजा केली का' असं विचारलं नाही. वार्षिक रजा कायद्याने किमान २० दिवस, करारवाल्या कंपन्यांत ३०. आणि रविवार खरोखरच रविवार, दुकानंसुद्धा बंद. भोसरी-चाकणला आपली सुट्टी गुरुवारची, पोरांच्या शाळेची रविवारची, बाप-लेकाची भेट रात्रीच. ज्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी भांडून १८९० मध्ये रविवार मिळवला, त्यांच्याच राज्यात.

परमनंट असाल, कंपनीत दमदार युनियन असेल आणि दर तीन वर्षांनी करार होत असेल, तर माझे चाकणचे आकडे तुम्हाला लागू नाहीत. अशा काही ऑपरेटरांचा पगार तेव्हा माझ्यापेक्षा जास्त होता, आणि त्यांनी जर्मनीसाठी ते सोडावं असं मी म्हणणार नाही. तुमच्या ४५ हजारांवरून तसं वाटत नाही, पण विचारलेलं बरं.

आता ऑफर लेटर काढा आणि त्यात 'वोखनआर्बाइट्सत्साइट' हा लांबलचक शब्द शोधा, आठवड्याचे तास तिथे लिहिलेले असतात. शेजारी 'तारीफ' असा शब्द कुठे आहे का तेही बघा, तो युनियनच्या कराराचा. तिथे ३५ आहे, ३८ की ४०, आणि बायको बरोबर येणार का, एवढं खाली लिहा. पुढचा हिशोब मी करून देतो.