जुन्या पेनाचा गंजून अडकलेला भाग कसा सोडवावा?

तेल, रॉकेल, डब्ल्यूडी-फोर्टीचा गंज सोडवायचा फवारा, यातलं काहीही पेनाला लावू नका. इथवर वाचून उठलात तरी निम्मं काम झालं.

तुम्ही लिहिलंय, आजोबांच्या खटक्याच्या पेनाचा (बाजूचा खटका उचलला की आतली पट्टी रबरी नळी दाबते आणि शाई भरते, ते पेन) पुढचा, निबाचा भाग निघत नाही, खटका हलत नाही, फटीत गंज दिसतो आणि ओळखीचा गॅरेजवाला फवारा मार म्हणतोय. हे वाचलं आणि मला आमचा मामा आठवला.

मामा मालवणात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. माझ्या आजोबांचं पेन होतं ब्लॅकबर्ड. मेबी टॉड कंपनीचं, स्वान पेनाचं स्वस्तातलं भावंड. आजोबांनी मुंबईत कारकुनी करताना घेतलं, पुढे ते गावच्या कपाटात पडून राहिलं. आमच्या खाऱ्या हवेत दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे पेनाच्या पोटातली पोलादी पट्टी काय टिकणार? मी ते हळूहळू फिरवत बसलो होतो. मामाने हातातून ओढून घेतलं. "इंजिनाचो बोल्ट सुटता, तुझा पेन कित्या सुटाचा नाय?"

रात्रभर रॉकेलमध्ये. सकाळी चहाच्या टोपात, उकळत्या पाण्यात. घरभर फटाके उडवल्यासारखा गंधकाचा वास. बाहेर काढलं तर काळंभोर पेन शेवाळल्या कौलाच्या रंगाचं झालेलं. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या एबोनाइटला गरम पाणी लागलं की असंच होतं. तरी निघेना म्हणून मग पक्कड. तिच्या दातांचे ठसे अजून आहेत. मामा आजही सांगतो, पेन आधीपासूनच तसं होतं.

मुळात पुढचा भाग गंजाने धरलेला नसतोच. तो नुसता दाबून बसवलेला असतो, वर वाळलेली शाई आणि कधी लाख. गंज असतो आतल्या पट्टीला, आणि खटका अडतो तो त्या पट्टीमुळे आणि दगड झालेल्या रबरी नळीमुळे. तेल लाखेचं काही करत नाही, पण आत मुरून राहतं आणि पुढे नवी नळी बसवलीत की तिची वाट लावतं.

हेअर ड्रायर घ्या. पेन सतत फिरवत, गालाला लावून सोसेल इतपतच तापवा. पकड घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे हातांत धरून पुढचा भाग डावीउजवीकडे किंचित हलवा. नाही हललं तर ठेवून द्या, पुन्हा तापवा. माझं दुसरं एक पेन चौथ्या दिवशी सुटलं, "टक्" असा बारीक आवाज करून. आतली नळी सुक्या जवळ्यासारखी कुरकुरीत, चिमट्याने तुकडे काढत बसलो. पट्टी गंजलेली असेल तर तिच्यावर जीव लावू नका, नवी मिळते. नळीचा नंबर म्हणजे तिचा बाहेरचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेला. १६ नंबर म्हणजे पाव इंच. चिकटवायला सुताराची लाखच, स्पिरिटमध्ये विरघळवून. फेविक्विक लावलंत तर पुढच्या दुरुस्तीवाल्याचे तळतळाट घ्याल.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: पेन रंगीत, चकचकीत असेल आणि घासल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. भडकन पेटतं. ड्रायर लांबून आणि कमीवर, मेणबत्ती किंवा गॅस तर नकोच. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांसारखं ड्रॉपरने भरायचं असेल तर त्याला आटे असतात, ओढू नका, फिरवा. आणि पुढचा भाग निघेपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही. मी लावला होता. मोडला. तो मामाने नव्हे, मीच मोडला, हेही लिहून टाकतो.

पण रंगाचं मात्र मामाचंच काम. त्या दिवशी टोपण खिडकीत राहिलं होतं, पाण्यात गेलंच नाही. ते अजून काळं आहे. मामा घरी आला की मी दोन्ही शेजारी ठेवतो. तो चष्मा आणला नाही म्हणतो.