करारात ‘लॉजर’ लिहिलं म्हणून मुलगी लॉजर ठरत नाही

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते. घरात आणखी दोन विद्यार्थिनी आहेत. भाडं महिना ५२० पौंड, अनामत १,०४० पौंड. घरमालक पहिल्यापासून दुसऱ्या गावी राहतो. एका खोलीत सामान ठेवून कुलूप लावलंय. आता ‘करारात तू लॉजर आहेस, सात दिवसांत खोली सोड’ असा मेसेज आलाय. लॉजर म्हणजे काय? तिला जावंच लागेल का?

उत्तर : नाही. तिनं खोली सोडू नये, किल्लीही देऊ नये.

आपल्याकडे ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्यांमुळे लॉज म्हटलं की हॉटेल आठवतं. मूळ जुना फ्रेंच शब्द ‘लोज’, म्हणजे झाडपाल्याचं खोपटं. ‘बोर्ड’ म्हणजे फळी, पुढे जेवणाचं टेबल. म्हणून दुसऱ्याच्या छपराखाली राहतो तो लॉजर, त्याच्या पानावर जेवतो तो बोर्डर. कायद्यातही छप्पर कुणाचं, मालक त्याखाली राहतो का, हेच पाहिलं जातं. (महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यातही पेइंग गेस्ट म्हणजे मालक स्वतः राहतो त्या जागेचा भाग वापरणारा.)

कागदावरच्या नावाला महत्त्व नाही, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) १९८५ मध्ये स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड खटल्यात ठरवलं. खोलीचा ताबा फक्त तिचा असेल, तर ती भाडेकरू. साफसफाई, चादरी बदलणं अशा सेवांसाठी मालकाची माणसं केव्हाही खोलीत येऊ शकत असतील, तरच लॉजर.

आणि समजा ती लॉजर ठरली, तरी १९७७च्या प्रोटेक्शन फ्रॉम इव्हिक्शन कायद्यानुसार कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढण्याची मुभा मुख्यतः त्याच घरात मुख्य वास्तव्य असलेल्या आणि स्वयंपाकघर, बाथरूम अशी एखादी जागा तिच्याबरोबर सामायिक वापरणाऱ्या मालकाला आहे. सामानाची खोली, जिना, बोळ यांची गणना सामायिक जागेत होत नाही. त्यामुळे कुलपाची खोली त्याच्या कामाची नाही. ती लॉजर असली तरी त्याला किमान चार आठवड्यांची लेखी नोटीस आणि कोर्टाचा आदेश लागेल. कुलूप बदललं तर तो गुन्हा. तिनं पोलीस आणि सिटी कौन्सिल दोघांना कळवावं.

अनामतीत मालक सरळ चुकलाय. २०१९च्या टेनंट फीज कायद्यानुसार, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. हे लॉजरलाही लागू आहे. ५२० गुणिले १२, भागिले ५२, म्हणजे आठवड्याला १२०. मर्यादा ६०० पौंड. वरचे ४४० लगेच मागा. शिवाय भाडेकरू असेल तर अनामत ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित करावी लागते. अशा तीनच योजना आहेत, तिन्हींच्या संकेतस्थळांवर शोधता येतं. नोंद नसेल तर कोर्ट अनामत परत करायला लावून, वर अनामतीच्या एक ते तीन पट दंड मुलीला देववू शकतं.

पुरावा आजच जमवा : तो तिथे राहत नाही हे दाखवणारे ‘शनिवारी येतोय’ असे त्याचे मेसेज, कुलपाचा फोटो, इतर दोघींची लेखी निवेदनं, भाड्याची बँक नोंद. भाडं थांबवू नका. थकबाकीचं कारण त्याच्या हाती पडेल. उत्तर ईमेलनंच द्यावं, आणि युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट्स युनियनचा मोफत सल्ला सात दिवस संपायच्या आत घ्यावा.