शाळेची सरासरी कमी म्हणून घर बदलायचं का?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे. शाळेची एसएटीची (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची) सरासरी हजाराच्याही खाली आहे आणि शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (शाळा साधारणपणे घराच्या पत्त्यावरून मिळते) शाळेची बाराशेच्या वर. ओळखीचे सगळे म्हणतात, अकरावी सुरू व्हायच्या आत घर विकून तिकडे जा. मुलगी तिच्या इयत्तेत पहिल्या पाच टक्क्यांत आहे, पण पीएसएटीला (एसएटीच्या पूर्वपरीक्षेला) ११३० च मिळाले: वाचन-लेखनात ६१०, गणितात ५२०. तिला इंजिनिअर व्हायचंय. शाळा सोडायला ती तयार नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, नमस्कार.

त्या सरासरीपायी घर विकू नका. तुमच्या पत्रातला मला खटकलेला आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे लेकीचे गणितातले ५२०. पण तुमची झोप सरासरीने उडवलीय, म्हणून आधी सरासरीविषयी.

एसएटीचे गुण ४०० ते १६०० मध्ये मोजतात. २०२४ साली हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या मुलांची देशभराची सरासरी १०२४ होती. मात्र सरासरी दिसली की ती नेमक्या कोणत्या मुलांची, हे आधी विचारावं. टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्यानुसार प्रत्येक मुलाच्या एका परीक्षेचा खर्च राज्य सरकार शाळांना भरून देतं, त्यामुळे कित्येक शाळा शाळेच्याच वेळात सगळ्यांना एसएटीला बसवतात. कॉलेजला जायचं नाही असा मुलगा, संध्याकाळी कामावर जाणारी मुलगी, दोन वर्षांपूर्वी देशात आलेली आणि अजून इंग्रजी शिकत असलेली मुलं, सगळी त्या सरासरीत येतात. शिवाय घरची कमाई आणि गुण यांचा संबंध अमेरिकेत फार घट्ट आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक शॉन रीअर्डन यांनी देशभरच्या शाळांचे गुण तपासले, तेव्हा शिकागोच्या सरकारी शाळांतली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकतात असं दिसलं. त्या मुलांची सरासरी मात्र देशाच्या मागेच होती. म्हणजे शाळा किती शिकवते आणि मुलं कुठून सुरुवात करतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरांच्या जाहिरातींत शाळेचं रेटिंग छापतात, त्यातून हा फरक कळत नाही.

आता टेक्सासपुरती महत्त्वाची गोष्ट. १९९७ पासून इथे कायदा आहे: आपल्या हायस्कूलमध्ये वरच्या दहा टक्क्यांत असणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनला (ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला) ही मर्यादा आधी सहा टक्के होती, २०२६ च्या फॉलपासून (शरद ऋतूतल्या सत्रापासून) पाच टक्के झाली. अर्ज करताना अकरावीअखेरची रँक पाहतात. तुमची लेक आज बरोबर त्या पट्ट्यात आहे. शेजारच्या शाळेत त्याच पाच टक्क्यांसाठी कितीतरी जास्त मुलं झटत असतील. बाहेरून आलेल्या मुलाचे जुने गुण रँकमध्ये कसे धरायचे, याचे नियमही डिस्ट्रिक्टगणिक बदलतात. दोन वर्षं राबून तिने कमावलेली जागा आपण होऊन सोडायला मी सांगणार नाही.

पण थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, इंजिनिअरिंगमध्ये नाही. त्या शाखेसाठी संपूर्ण अर्ज तपासला जातो, आणि मधली काही वर्षं ऐच्छिक असलेली एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) यूटीने २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केली. म्हणून ते ५२० मला खटकले. शाळेत अव्वल असलेल्या मुलीला गणितात ५२० मिळतात, तेव्हा वर्गातलं गणित परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचत नसण्याची शक्यता मला जास्त वाटते. तिच्या हुशारीवर शंका घेऊ नका, तिच्यासमोर तर नकोच.

पीएसएटीचा निकाल दोघींनी मिळून उघडा. गणितात २२ प्रश्नांचे दोन भाग असतात, प्रत्येकाला ३५ मिनिटं. पहिला भाग चांगला गेला तर दुसरा अवघड येतो, आणि मोठे गुण तिथेच मिळतात. पहिल्यात घाईने चुका झाल्या तर दुसरा सोपा येतो आणि मग तो सगळा बरोबर सोडवला तरी गुण एका मर्यादेवर जात नाहीत. म्हणून पहिल्या २२ प्रश्नांत वेळ घालवलेला परवडतो. साधारण ७० टक्के प्रश्न बीजगणिताचे असतात: रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, फंक्शन. निकालात कोणत्या घटकाचा पट्टा अर्धवट राहिलाय ते दिसेल, सराव तिथूनच सुरू करा. खान अकॅडमीच्या वेबसाइटवर तो फुकट आहे आणि परीक्षेच्याच ब्लूबुक ॲपवर पूर्ण लांबीच्या सराव परीक्षाही फुकट आहेत. महागडा क्लास लावण्याआधी हे चार महिने मनापासून करून बघा. पीएसएटी आणि एसएटीचं माप एकच असल्याने प्रगती लगेच ताडता येईल. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीसाठी अकरावीतली पीएसएटीच धरतात, तेव्हा यंदाच्या गुणांनी तिचं काहीही बिघडलेलं नाही.

शाळेच्या काउन्सेलरला मात्र याच महिन्यात भेटा, अकरावीचे विषय ठरायच्या आधी. बारावीपर्यंत लेक एपी कॅल्क्युलसपर्यंत (हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या गणितापर्यंत) पोचेल का? नसेल तर उन्हाळ्यात एक गणित उरकून पुढे जाता येईल का? तेही नसेल तर कम्युनिटी कॉलेजात ड्युअल क्रेडिटने (शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाईल असा) कॅल्क्युलस घेता येईल का? तुमच्या शाळेची पारख या उत्तरांवरून करा. तिन्ही ठिकाणी नकार आला, तर मला परत लिहा. तेव्हा घर बदलण्याचा विचार खरोखर करावा लागेल, आणि त्या पत्रात लेकीचं म्हणणं तिच्याच शब्दांत असू द्या.