वाचकांचे प्रश्न : चिविता दी बान्योरेजो आणि आसपास

प्रश्न : इटलीतल्या चिविता दी बान्योरेजोला ‘मरणारं गाव’ म्हणतात. ते खरंच कोसळतंय का? तिथे जाण्यात धोका आहे का?

उत्तर : कोसळतंय, पण पाहुण्यांच्या पायाखाली नाही. लात्सिओ प्रांतातलं हे गाव टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या खडकावर वसलं आहे. त्या खडकाखाली आहे समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती, आणि सगळी गोम तिथेच आहे. टेकडीच्या दोन्ही बाजूंचे ओढे आणि पावसाचं पाणी ती माती धुऊन नेतात. आधार गेला की वरच्या टफला उभ्या भेगा पडतात आणि कडेचे तुकडे दरीत सुटतात. गावाच्या टोकाला काही घरांचा नुसता दर्शनी भाग उरलाय. खिडकीपलीकडे खोली नाही, आकाश आहे. १६९५च्या भूकंपानंतर बिशप आणि नगर कारभार शेजारच्या बान्योरेजोत हलले. गाव रिकामं व्हायला सुरुवात झाली ती तेव्हापासून. आता तिथे कायम राहणारी माणसं जेमतेम दहा-बारा. कुंपण ओलांडून कड्याच्या टोकाला फोटो काढायला जाऊ नका, एवढं पथ्य पुरे.

प्रश्न : गाडी भाड्याने न घेता रोमहून एका दिवसात जाऊन येता येईल?

उत्तर : येईल, पण रविवारी नाही. रोमहून प्रादेशिक रेल्वेने ओर्विएतोला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. तिकीट कागदी असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तिकीट खिशात असूनही दंड होतो तो हा शिक्का नसल्यामुळेच. ओर्विएतोहून कोत्राल कंपनीची बस पाऊण-एक तासात बान्योरेजोला पोहोचवते. फेऱ्या मोजक्या असतात, शाळा-कामाच्या वेळांवर बेतलेल्या. रविवारी आणि सणांना त्या नसतातच. म्हणून आधी परतीच्या बसची वेळ पक्की करा, मग बाकीचं ठरवा. बसचं तिकीट शक्यतो आधीच तबाक्कीत, म्हणजे तंबाखूच्या दुकानात, घेऊन ठेवा. बस चिवितात जात नाही. बान्योरेजोत उतरून पुलापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालावं लागतं.

प्रश्न : आईवडील सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. पूल झेपेल का?

उत्तर : चिवितात शिरायला १९६५ साली बांधलेला काँक्रीटचा पादचारी पूल हीच एक वाट आहे. लांबी सुमारे ३०० मीटर, पण अडचण लांबीची नाही. शेवटचा टप्पा चांगलाच चढा आहे आणि वाटेत सावली नावालाही नाही. पाहुण्यांची वाहनं पुलावर सोडत नाहीत. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो, म्हणून परतीसाठी काठी हवी. वाऱ्याच्या किंवा पावसाच्या दिवशी तर बेत रद्दच करा. जमणार नसेल तर बान्योरेजोच्या टोकावरच्या सज्जातून समोर अख्खं गाव दिसतं, आणि खरं सांगायचं तर गावाचं सर्वांत देखणं रूप तिथूनच दिसतं. पुलाआधी प्रवेशशुल्क भरावं लागतं : २०१३ मध्ये ते दीड युरो होतं, आता ५ युरो आहे.

प्रश्न : गाव तासा-दीड तासात संपतं म्हणतात. उरलेल्या वेळात काय पाहावं?

उत्तर : ओर्विएतो, दुसरा विचार नको. मुक्कामही तिथेच करा. स्टेशन खाली आणि शहर वर टफच्या कड्यावर. मधे रोपरेल्वे आहे. कॅथेड्रलचं काम १२९०मध्ये सुरू झालं. आतल्या सान ब्रित्सिओ चॅपेलमधली लूका सिन्योरेल्लीची जगाच्या अंताची आणि अंतिम न्यायाची भित्तिचित्रं (१४९९–१५०४) निदान अर्धा तास मागतात. इटलीतली अनेक चर्च दुपारी बंद असतात, तेव्हा वेळा आदल्या दिवशी तपासा.

रोपरेल्वेच्या वरच्या थांब्याजवळच सान पात्रित्सिओची विहीर आहे. १५२७मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट ओर्विएतोत आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, या चिंतेतून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ती खोदवून घेतली. खोली ५० मीटरहून जास्त, पायऱ्या २४८. एकमेकांभोवती फिरणारे दोन वेगळे जिने आहेत, एक उतरायचा आणि एक चढायचा, म्हणजे पाणी वाहणारी खेचरं समोरासमोर अडकत नसत. तळ गाठला की तेवढ्याच पायऱ्या वर चढायच्या आहेत हे विसरू नका. चिविता आणि ही विहीर एकाच दिवशी केली तर पाय बोलतात.

प्रश्न : गाडी घेतली तर?

उत्तर : मग बोल्सेना सरोवर आणि बोमार्त्सोची राक्षसबाग एका दिवसात होतात. बागेत सोळाव्या शतकातली प्रचंड दगडी शिल्पं आहेत, आणि मुद्दाम कललेलं एक घर; त्यात शिरलं की गरगरतं. मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही ठेवा. जुन्या शहरांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ (म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेला भाग) अशी पाटी दिसली तर आत शिरू नका. तिथे कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं.