मसाल्याच्या कार्टनवर आणि पॅलेटवर बारकोड छापायला कोणता प्रिंटर घ्यावा?

भोसरीत तुमचा मसाल्यांचा कारखाना आहे, मोठ्या खरेदीदाराने कार्टन आणि पॅलेटवर बारकोड मागितलाय आणि तुम्ही प्रिंटर शोधताय. प्रिंटर शेवटी बघू. आधी त्यावर कुठला नंबर छापणार ते ठरवा, कारण माल अडकतो तो बहुतेक वेळा नंबरामुळे.

चाकणच्या एका गोदामात असाच माल उतरला होता. ४० कार्टन, प्रत्येकात २४ पाकिटं. पाठवणाऱ्याने पाकिटावरचाच १३ अंकी बारकोड कार्टनवर छापलेला. स्कॅनरने तो बिनचूक वाचला आणि ९६० ऐवजी ४० पाकिटं जमा झाली. बिल अडकलं. खापर फुटलं डॉकवर स्कॅन करणाऱ्या पोरावर. त्याची काडीचीही चूक नव्हती. 'बारकोड म्हणजे बारकोड, कुठलाही लावा' असं म्हणणारा डिस्पॅच मॅनेजर मात्र स्कॅनरलाच नावं ठेवत राहिला. हा हेका अजून कित्येक ठिकाणी ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे.

कार्टनला स्वतःचा १४ अंकी नंबर लागतो. पाकिटाच्या नंबराचा शेवटचा तपासणी अंक (बाकीच्या अंकांवरून हिशोबाने येणारा, चूक पकडणारा अंक) वगळायचा, सुरुवातीला १ ते ८ पैकी एक अंक लावायचा आणि नव्याने हिशोब करून येणारा तपासणी अंक शेवटी लावायचा. नमुन्यादाखल, ८९०१२३४५६७८९० चं १८९०१२३४५६७८९७ होतं. शेवटचा ० बदलून ७ झाला. नुसता पुढे १ चिकटवला तर सिस्टिम तो नंबर नाकारते. ९ हा अंक दर कार्टनला वजन वेगळं भरणाऱ्या मालासाठी राखीव आहे, तो घेऊ नका. २४ च्या आणि ४८ च्या कार्टनला वेगळे अंक द्या.

खोक्यावर थेट छापणार असाल तर आयटीएफ-१४, म्हणजे फक्त हा १४ अंकी नंबर मावणारा जाड रेघांचा बारकोड. कोरुगेटेड (पन्हाळी) पुठ्ठ्यावर शाई पसरते म्हणून सर्वात बारीक रेघ ०.६३५ मिमीपेक्षा कमी नको, उंची ३२ मिमी, आणि भोवतीची जाड चौकट वगळायची नाही. ती नसली तर तिरका स्कॅन अर्धाच कोड वाचून चुकीचा नंबर देऊ शकतो. रेघा लाल शाईत कधीच नकोत, लाल प्रकाशाच्या स्कॅनरला त्या दिसतच नाहीत. बॅच आणि एक्सपायरीही हवी असेल तर लेबलावर जीएस१-१२८ हा जास्त माहिती मावणारा बारकोड घ्या, आयटीएफमध्ये ती मावत नाही.

पॅलेटचा नंबर वेगळाच: (००) आणि त्यापुढे १८ अंकी एसएससीसी, म्हणजे पाठवलेल्या एकेका नगाचा अनुक्रमांक. तो मालाच्या प्रकाराला नसतो, त्या एका पॅलेटला असतो, आणि माल रवाना झाल्यावर किमान वर्षभर पुन्हा वापरायचा नाही. लेबल फाटलं तर तोच नंबर पुन्हा छापा. पॅलेट फोडून नव्याने रचलं तर नवा नंबर. लेबल स्ट्रेच फिल्म गुंडाळून झाल्यावर, बाहेरून लावा. आत राहिलं तर फिल्मच्या चकाकीने आणि सुरकुत्यांनी वाचलं जात नाही. बारकोडची खालची कड जमिनीपासून ४०० ते ८०० मिमीच्या दरम्यान, उभ्या कडेपासून निदान ५० मिमी आत, आणि लगतच्या दोन बाजूंना एकेक.

आता प्रिंटर. लेबलांसाठी ४ इंची, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके) थर्मल ट्रान्सफर, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने लेबलावर उतरवणारा प्रिंटर पुरतो. त्याचा एक ठिपका ०.१२५ मिमीचा, म्हणून रेघेची जाडी त्याच्या पूर्ण पटीत ठेवा, लेबलावरची ०.५ मिमीची रेघ म्हणजे बरोब्बर ४ ठिपके. पीडीएफ 'पानात बसवून' छापली की हे गणित मोडतं. रिबन वॅक्स-रेझिन (मेण आणि रेझिन मिश्र) प्रकारची घ्या. बिनरिबनचा डायरेक्ट थर्मल नको, उन्हात तापलेल्या ट्रकमध्ये ते लेबल काळवंडतं.

एक राहिलं: खरेदीदाराची स्वतःची लेबल-नियमावली असेल तर तीच चालेल, माझी मापं नाहीत. ती आधी लेखी मागवा. त्यात बारीक टूडी कोड (क्यूआरसारखा चौकोनी) असला तर ३०० डीपीआय घ्यावा लागेल.